भेसळीची यादी

शीतल इंगवले यांनी चष्मा पुसला, होणाऱ्या सुनेची यादी मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अकरा वर्षांची खरेदी होती ती, शाळेच्या कंपासपेटीपासून परवाच्या केसांच्या तेलापर्यंत. बाई जयसिंगपूरच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. दुसऱ्याच्या कागदावर लाल पेन चालवायची सवय हाताला होती आणि शाळा सुटली तरी ती सुटली नव्हती. समोर सतरंजीवर मुलीचा बाप, शहाजी निकम, अंग चोरून बसला होता.

"पान चौदा," बाई म्हणाल्या आणि पेन टेकवलं. "फिटच्या गोळ्या. दर महिन्याला. सलग सव्वादोन वर्षं. हे काय आहे हो, निकम?"

"भेसळ हाय ती, वहिनी. सगळ्यांच्याच यादीत असती की."

"सगळ्यांच्या असते. तुमच्याच मुलीच्या यादीत नेमकं फेफरं बरं आलं." त्यांनी यादी मिटली. "आधी ह्याचा खुलासा आणा, मग मुहूर्ताचं बघू."

लग्नाआधी मुलीची बाजारयादी मागायची ही रीत कोणी सुरू केली ते सांगता येत नाही. पण असल्या रीती सुरू करायला आपल्याकडे फार अक्कल लागत नाही. झालं होतं ते असं. माणसं मिठापासून मंगळसूत्रापर्यंत सगळं ऑनलाइन दुकानांतून मागवायला लागली, आणि त्या दुकानांना माणसाचं जेवढं माहीत होतं तेवढं त्याच्या जन्मदात्यांनाही नव्हतं. कुणाला दिवस गेलेत, कुणाला कसला आजार आहे, कोण बाई नवऱ्याचं घर सोडायच्या बेतात आहे, सगळं खरेदीवरून कळायचं. ही माहिती चोरीला जायची, विकली जायची, तिच्या जोरावर माणसं नाडली जायची. शेवटी कायदा आला. यादी ग्राहकाच्या मालकीची, आणि त्याने मागितली की दुकानाने ती द्यायचीच, असं त्यात ठरलं. कायदा करणाऱ्यांना वाटलं, माणूस स्वतःची यादी स्वतःपुरती बघेल. त्यांच्यापैकी कुणी सून म्हणून कुठल्या घरात गेलेलं नसावं. वर्षभरात 'तुमची यादी तुम्हीच काढून आणा' असं मुलीकडच्यांना सांगणं सुरू झालं. दुकानाने डोकावलं तर गुन्हा; होणाऱ्या सासूने डोकावलं तर चौकशी. मुलाची यादी बहुधा कोणी मागत नसे.

कायद्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती पुण्याच्या डॉ. ऋजुता शिंत्रे यांच्या डोक्यातून निघाली होती. त्या तिला 'संरक्षक मिश्रण' म्हणत. लोक भेसळ म्हणत. डॉक्टरबाईंना त्या शब्दाचा राग यायचा, पण लोकांना कोण सांगणार.

शहाजी निकम त्यांच्याच दारात येऊन बसला. विट्याचा गलाईवाला माणूस. जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करायचं, हा घराण्याचा धंदा. बोटांची टोकं पिवळी पडलेली. त्याने यादी टेबलावर ठेवली.

"ताई, सोन्यात तांबं असलं तर मी तेजाबात टाकून सोनं येगळं काढून दावतो. तुमी तर एवढ्या शिकलेल्या. ह्यातलं खोटं तेवढं येगळं करून द्या."

"नाही करता येणार."

"का?"

"तुमच्या तेजाबाला तांबं कुठलं आणि सोनं कुठलं ते कळतं. इथे दोन्ही सारखंच दिसतं, आणि असलं तेजाब जगात कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही." ऋजुताबाईंनी यादी हातातही घेतली नाही. "असं बघा. तुमची मुलगी एखादी वस्तू मागवते. पार्सल हातात पडेपर्यंत खरी ऑर्डर शिल्लक असते. पडलं की पुसली जाते. मागे जी यादी राहते ती मुलीचा फोन लिहितो. प्रत्येक नव्या वस्तूच्या पहिल्या नोंदीआधी फोन एक नाणं उडवतो समजा. छापा आला तर खरं लिहायचं, काटा आला तर भलतंच काहीतरी. नाणं असं घडवलंय की दहात चार वेळा काटा येतो. आणि काय आलं होतं ते कुठेही नोंदवत नाही."

"मग दुकानाला असल्या खोट्या यादीचा उपेग काय?"

"एका यादीचा काही नाही. लाख याद्यांचा आहे. दहात चार खोट्या हे एकदा माहीत असलं की लाखांची बेरीज दुरुस्त करता येते. सांगली जिल्ह्यात ह्या महिन्यात फिटच्या गोळ्या किती खपल्या हे दुकानाला बरोबर कळतं. त्या कुणी घेतल्या, हे कधीच कळत नाही."

शहाजीने मान हलवली. माणूस शाळा फार शिकला नव्हता, पण धातूची माणसं मिश्रण लवकर समजतात. "पन सव्वादोन वर्सं सारखं कसं येईल, म्हणत्यात. खोटं एकदा येईल, दोनदा येईल."

"हा प्रश्न आम्हाला पडला होता. म्हणून फोनने एकदा खोटा आजार लावला की तो खऱ्यासारखाच चालवतो. महिनोन्महिने. मध्ये डोससुद्धा वाढवतो. आणि माणसाच्या स्वतःच्या हातातली यादीही भेसळीचीच असते, कारण ती खरी असती तर कुणीही मानगूट धरून ती वाचून घेतली असती. ज्यांना घाबरायचं ते दुकानात कमी आणि घरात जास्त असतात, निकम."

"एवढंच त्यास्नी येऊन सांगा," शहाजी म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना त्याने पुढे जोडलं, "पोरीला साधा ताप कधी आला न्हाई, ताई."

ऋजुताबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना त्या निवृत्त मास्तरणीचा राग आला होता. आयुष्याची वीस वर्षं घालून बायकामाणसांची लाज झाकायची सोय करावी, आणि कुणीतरी लाल पेन घेऊन त्यावर रेघोट्या ओढाव्यात, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. रागाच्या भरात माणूस आपलं शहाणपण सोबत न्यायला विसरतो. त्या जयसिंगपूरला गेल्या.

बैठकीला दोन्हीकडची वीसेक माणसं होती. मुलीला काही नाही, असं शहाजीने सगळ्यांसमोर देवाची शपथ घेऊन सांगितलं. ऋजुताबाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न दहा मिनिटं केला. शीतल इंगवले हाताची घडी घालून ऐकत होत्या, वर्गात उशिरा आलेल्या पोराची सबब ऐकावी तशा. मग ऋजुताबाईंनी ठेवणीतलं शस्त्र काढलं.

"तुमची स्वतःची यादी काढा. फोनमध्ये असेल."

"माझी कशाला?"

"का? झाकण्यासारखं काही आहे?"

वीस माणसांसमोर नाही म्हणता येईना. शीतलबाईंनी फोन पुढे केला आणि ऋजुताबाईंनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "मूळव्याधीचं मलम, पाच महिने. उवांचं औषध, दोन बाटल्या. दारू सोडवायचे थेंब, गुपचूप चहातून द्यायचे, दीड वर्ष." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "थेंब कुणासाठी हो?"

"माझे मालक जाऊन बारा वर्षं झाली!"

"मग मुलासाठी?"

"खोटं आहे ते!" शीतलबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता.

"असेलच खोटं. सिद्ध करून दाखवा." ऋजुताबाईंनी फोन परत केला. "नाही ना येत? मग त्या मुलीने कसं करायचं?"

नवरामुलगा शौर्य, पंपाचे सुटे भाग बनवायचा त्याचा छोटा कारखाना होता, खाली मान घालून म्हणाला, "आई, पुरे आता. विषय संपला." पण आईला एक शेवटचा प्रश्न होताच. "हे तुम्ही बनवलंय ना? मग तुम्हाला तरी खरं-खोटं कळत असेल की."

"मलाही नाही. उद्या मी स्वतः येऊन म्हणाले की ह्यातलं हे खरं आहे, तर खुशाल मला वेड्यात काढा."

टाळ्या पडल्या नाहीत एवढंच. चहा घेऊन मुलगी बाहेर आली, स्वरांगी तिचं नाव. सगळे सैलावून बसले होते, तिचा बाप तर घाम पुसत हसत होता. तिच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्याचं काही दिसत नव्हतं. कप ऋजुताबाईंच्या हातात देताना ती क्षणभर थांबली. ऋजुताबाईंना वाटलं, लाजतेय.

लग्न झालं. पुढचं दीड वर्ष ऋजुताबाई ही हकीकत भाषणांतून सांगत होत्या. नावं बदलून, अर्थातच.

कोल्हापूरच्या विद्यापीठात त्या अशाच एका भाषणाला आल्या असताना सकाळी अकराच्या सुमारास शहाजीचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. जयसिंगपूरचं एक हॉस्पिटल, स्वरांगीला झटके, सातवा महिना, या ताई, लगेच या. पाऊण तासात त्या पोचल्या.

डॉ. नफिसा मुजावर यांच्याकडे सभ्यपणाला वेळ नव्हता. "तुम्ही त्या भेसळवाल्या? बरं झालं. ऐका. मुलीला दोन झटके आलेत, इंजेक्शनने थांबवलेत, पण ती शुद्धीवर नाही. गरोदरपणात रक्तदाब चढून असे झटके येतात. तसं असेल तर बाळ ताबडतोब बाहेर काढणं हाच इलाज. थांबले तर दोघंही जातील. पण हिला आधीपासून आकडी असेल, तर औषध देऊन बाळाला आत ठेवता येईल. एकतिसावा आठवडा आहे. आत राहील तेवढे दिवस त्याचे."

"रक्तदाब किती आहे?"

"दीडशे. झटक्यानंतर तसाही चढतो. लघवीचा रिपोर्ट ना इकडचा ना तिकडचा. मेंदूचा आलेख काढायचा तर मिरजेला न्यावं लागेल आणि मी तिला आत्ता हलवणार नाही. नवरा म्हणतो, आजार कधीच नव्हता. बाप म्हणतो, होता. अर्धा तास आहे माझ्याकडे."

शहाजी भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. ऋजुताबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"यादीतल्या गोळ्या खऱ्या होत्या?"

"खऱ्या व्हत्या, ताई. नववीत असताना पयल्यांदा फिट आली. शाळेच्या मैदानात. मी म्हणलं ऊन लागलं. मिरजेच्या डॉक्टरला म्हणलं, केसपेपर बायकोच्या नावानं करा, पोरीच्या नावाला डाग नको. त्यांनी केला. आता बायको न्हाई, ते डॉक्टरबी न्हाईत. गावातल्या दुकानातनं गोळ्या घेतल्या तर गावभर होईल म्हणून ऑनलाइन घ्यायचो. तुमच्या भेसळीवर इस्वास होता माझा."

"कागद कुठेत?"

"बैठकीच्या आदल्या दिवशी भट्टीत घातले."

"लग्नानंतर गोळ्या?"

"लाडवाच्या डब्यात खाली ठिवून पाठवायचो. दिवाळीत सासूनं डबा तसाच शेजारी वाटायला काढला. पोरगी घाबरली. तवापास्नं बंद."

म्हणजे रक्तातही काही सापडणार नव्हतं. ऋजुताबाईंना त्याचा गळा धरावासा वाटला. ह्या माणसाने त्यांच्या तोंडावर खोटं बोलून त्यांना वकील म्हणून वापरलं होतं, आणि तरी त्याच्यावर ओरडायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं, कारण त्याने नेमकं तेच केलं होतं ज्यासाठी त्यांनी ती सोय बनवली होती. त्या उठल्या आणि डॉक्टरांकडे गेल्या. शौर्य आणि त्याची आई तिथेच उभे होते.

"तिला आधीपासून आकडी आहे," ऋजुताबाई म्हणाल्या. "यादीतल्या गोळ्या खऱ्या होत्या."

शीतल इंगवले ह्यांचे डोळे रडून सुजले होते. पण आवाज शाबूत होता. "तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाला कळणं शक्य नाही? तुम्ही आलात तर तुम्हाला वेड्यात काढा म्हणून? वीस माणसांत?"

"मी यादीवरून सांगत नाहीये. तिच्या वडिलांनी आत्ता सगळं सांगितलं."

"हेच वडील बैठकीत देवाची शपथ घेऊन म्हणाले होते, मुलीला काही नाही." बाईंनी शहाजीकडे बोट केलं. "तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय? ऑपरेशन नको म्हणून बोलताय? तिचं बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, तुम्ही?"

"वहिनी, पाया पडतो, तेव्हा खोटं बोललो."

"जो एकदा बोलतो तो दोनदा बोलतो."

डॉ. मुजावर ऋजुताबाईंकडे वळल्या. "मला एक कागद द्या. एक चिठ्ठी. नाहीतर यादीवरून एवढं तरी सांगा, सव्वादोन वर्षांची नोंद खरी असण्याची शक्यता किती?"

इथे ऋजुताबाईंना खोटं बोलता आलं असतं. शंभरात नव्व्याण्णव म्हणाल्या असत्या तर डॉक्टरांनी मानलं असतं. पण वीस वर्षांची सवय आडवी आली, आणि त्या आकडेमोड करणाऱ्या माणसाला शोभेल असं उत्तर देऊन बसल्या. "त्यावरून काहीच सांगता येत नाही. ते तसंच बनवलंय."

"मग मी शब्दावर जुगार खेळू शकत नाही."

शौर्यने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे. वाईट मुलगा नव्हता तो. त्याला बायको जगायला हवी होती, आणि समोरच्या तीन माणसांपैकी दोघांनी आपला शब्द फिरवला होता. त्याने आईकडून पेन घेतलं आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

मुलगी झाली. सव्वा किलोची. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि तिच्यासाठी यंत्र श्वास घेत होतं. डॉक्टर म्हणाल्या, चार दिवस गेल्याशिवाय काही सांगत नाही. ऑपरेशनची गरज होती की नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरांगी नीट शुद्धीवर आली. डॉ. मुजावर फाईल घेऊन खाटेशी बसल्या. त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. शौर्य गेला. शहाजी दारापर्यंत गेला. शीतलबाई सुनेचे केस विंचरत होत्या, त्या हलल्या नाहीत. "मी तिची आईच आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या वेळी ते त्यांना मनापासून वाटत होतं. ऋजुताबाई दारात उभ्या होत्या.

"स्वरांगी, आधी कधी असा झटका आला होता?" डॉक्टरांनी विचारलं. "शाळेत, कॉलेजात, कधीही? कसल्या गोळ्या चालू होत्या? नीट आठवून सांग, पुढचे उपचार त्यावर आहेत. झटका परत येऊ शकतो."

स्वरांगीने बापाकडे पाहिलं. शहाजी जोरजोराने मान हलवत होता, सांग म्हणून, सांग. मग तिने सासूच्या हातातल्या फणीकडे पाहिलं. काचेच्या पेटीत तिची मुलगी होती आणि ती मुलगी ह्या घराची होती. फेफरं असलेली, लपवून दिलेली, पोराला सातव्या महिन्यात बाहेर काढायला लावणारी सून ह्या घरात किती दिवस टिकली असती, हे तिला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"तुझे वडील म्हणतात—"

"बाबा घाबरलेत. त्या याद्यांमधलं सगळं खोटं असतं. ह्या ताईंनीच सांगितलं होतं."

शीतलबाईंनी दाराकडे पाहिलं. त्या नजरेत विजय नव्हता, फक्त तिरस्कार होता. "आता तरी घरी जा, निकम," त्या म्हणाल्या. शहाजीने तोंडावर उपरणं धरलं आणि तो खाली बसला.

ऋजुताबाई एक पाऊल आत आल्या. त्यांना खरं ठाऊक होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका माणसाच्या यादीतली एक नोंद त्यांना शंभर टक्के ठाऊक होती. ती ओरडून सांगावी असं त्यांना वाटलं. पण खाटेवरची मुलगी त्यांच्याकडे एकटक बघत होती आणि तिची नजर विनवणी करत नव्हती, दम देत होती. हे माझं आहे, ह्याला हात लावायचा नाही. ह्याच हक्कासाठी ऋजुताबाई वीस वर्षं भांडल्या होत्या. त्या होत्या तिथेच थांबल्या आणि बोलल्या नाहीत.

डॉ. मुजावर यांनी फाईलमध्ये लिहिलं, 'पूर्वी झटक्यांचा इतिहास नाही. रुग्णाने स्वतः सांगितले.' त्याखाली औषधं लिहिली. रक्तवाढीच्या गोळ्या होत्या, कॅल्शियम होतं, रक्तदाबाची एक गोळी होती. आकडीचं औषध लिहायचं काही कारण नव्हतं. सही करून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.